कस्तुराकडे बॉल नव्हता

खो-खोत कस्तुराची पळती बघायला अख्खी काळेवाडी जमायची. मैदानात उतरली की कोणाच्या हाताला लागायची नाही. पुढं लग्न झालं, पिंपरीच्या औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागली, आणि चौऱ्याहत्तर साली कंपनीनं बायकांची बास्केटबॉलची टीम काढली तेव्हा सगळ्यात आधी नाव तिनं दिलं. दुसरं मी. मी नजमा. तिच्याच टेबलावर बाटल्यांना बुचं लावायचे, माझ्या तोंडाला मात्र बूच कधी लागलं नाही.

सुरुवातीला आमचा नुसता सावळा गोंधळ. बॉल हाती आला की कडेवरच्या पोरासारखा छातीशी धरायचा आणि पळत सुटायचं. शिट्टी वाजायची, बॉल जायचा. टाइम ऑफिसातले अर्जुनराव आमचे कोच. ओरडून ओरडून बिचाऱ्यांचा घसा बसला. एकही मॅच जिंकलो नाही तेव्हा ते म्हणाले, "रविवारी पुण्याला चला. कॉलेजच्या पोरींची मॅच आहे. नुसतं बसा आणि बघा."

मी बघितलं काय, तर बॉल. तो इकडं आला की माझी मान इकडं, तिकडं गेला की तिकडं. कस्तुरा भलतीकडंच बघत होती. दोन वेण्यांच्या एका किडकिडीत पोरीवरून तिची नजर हलेना. त्या पोरीच्या हाती बॉल क्वचित यायचा. ती आपली या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळायची, मध्येच थबकायची, हुलकावणी देऊन परत सुटायची. समोरच्या पोरी तिच्यामागं ओढल्या जायच्या आणि बास्केटखाली जागा मोकळी व्हायची. मग दुसरीच कोणीतरी बॉल टाकायची आणि टाळ्या घ्यायची.

परत येताना बसमध्ये कस्तुरा म्हणाली, "नजमा, ही तर पळतीच की गं. बॉल नसला तरी खेळता येतं. हे मला येतंय."

"डोंबलाचं येतंय," मी म्हटलं. "हातात बॉल नाही तर तुला खेळाडू कोण म्हणेल?"

ती नुसती हसली. माझं बोलणं मनावर घेईल तर ती कस्तुरा कसली. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या हातानं पळणं सुरू. बाकीच्या बायका म्हणायच्या, हिला वारं लागलंय.

घरी मात्र सगळं सासूच्या हातात होतं. गिरजाबाई जन्मभर वीटभट्टीवर खपलेल्या. त्यांनी सुनेला सांगून टाकलं, "कामावर जा, मी न्हाई म्हणत न्हाई. पन ह्यो खेळ कशापायी? म्या येऊन बघनार हाय. उगं हुंदडताना दिसलीस तर त्या दिसापासनं बंद." नवरा साहेबराव म्हणाला, आई म्हणेल तसं. म्हणजे कस्तुराचा खेळ राहणार की सुटणार, ते भोसरीच्या टीमबरोबरच्या मॅचवर येऊन ठेपलं.

गिरजाबाई आल्या आणि पदर खोचून पहिल्याच बाकावर बसल्या. मी कस्तुराला बजावलं, "आज बॉल सोडू नकोस. सासूला दोन-चार बास्केट दिसू देत."

तिनं ऐकलं असेल तर शपथ. तिच्या वेगाबद्दल ऐकून भोसरीवाल्यांनी तिच्यावर दोन पोरी लावलेल्या. ती कोपऱ्याकडं सुटली की दोघी मागं, आणि बास्केटखाली मी एकटी. बॉल माझ्याकडं, मी टाकला, टाळ्या. पुन्हा तेच. पुन्हा तेच. माझा पारा चढला. "अगं बये, सासू बघतीये. एकदा तरी घे की बॉल."

ती धापा टाकत म्हणाली, "तू मोकळी आहेस ना? मग टाक."

आम्ही जिंकलो. पहिल्यांदाच जिंकलो. अर्जुनरावांनी माझ्या गळ्यात हार घातला, पोरींनी मला उचललं. कस्तुराला कोणी विचारलं नाही. ती घाम पुसत सासूकडं निघाली, तशी मी हार घेऊनच मागं धावले. भांडायची तयारी पक्की होती.

"मावशी, तिचा दोष नाही, तिच्याकडं बॉलच..."

"तू गप गं," गिरजाबाई म्हणाल्या. "तुमचं बॉल-बिल मला काय कळत न्हाई. म्या आपली माझ्या सुनंकडं बघत व्हते."

मग कस्तुराला म्हणाल्या, "त्या दोन दांडग्या पोरी समदा येळ तुझ्याच मागं. तू नेशील तिकडं आल्या. दोघींना दमवलंस, पन हाताला घावली न्हाईस. तवा कुठं हिला रान मोकळं मिळालं."

हिला म्हणजे मला. हार माझ्या गळ्यात होता, आणि एवढ्या मैदानात कस्तुराचा खेळ बघितला होता तो एकट्या तिच्या सासूनं. कस्तुराचे डोळे भरून आले होते.

"पुन्यांदा कवा हाय?" गिरजाबाईंनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात, आत्याबाई."

"त्या दिशी सैपाकाचं म्या बघते," त्या म्हणाल्या, आणि पदरानं सुनेचं तोंड पुसलं.