हजर माणसांची गैरहजेरी

हॉलमध्ये शंभरेक माणसं बसलेली, आणि नगररचना खात्याचे साहेब लिहीत होते : अर्जदार गैरहजर.

पहिलं नाव सखुबाईचं. ती त्यांच्या टेबलासमोरच उभी होती, पदर खोचून.

"अहो साहेब, मी बोलून राह्यले ना तुमच्यासंग! गैरहजर कशी?"

"हजेरीपत्रकावर सही नाही तुमची."

"ते न्हाई करणार."

"मग गैरहजर."

थांबा, आधी सगळं सांगते. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट, जालना जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा नगरपालिकेतली. बायकांच्या राखीव जागेवर मी निवडून आले होते. शाळा चौथीपर्यंतची, नकाशा वाचायला ऑफिसात बसून बसून शिकले. विकास आराखडा म्हणजे पुढच्या वीस वर्षांत रस्ता कुठं, शाळा कुठं, हे रंगवलेला नकाशा. तो भिंतीवर लागला की लोकांच्या हरकती मागवतात, आणि नियोजन समिती एकेकाला बोलावून ऐकते. ती सुनावणी. समितीत आम्ही तीन नगरसेवक आणि खात्याची माणसं.

सखुबाईचं घर नकाशात हिरवं झालं होतं. हिरवं म्हणजे बगीचा. सर्व्हेवाले आले तेव्हा तिची अख्खी वस्ती मेंढरं घेऊन चराईला बाहेर गेलेली. दारांना कुलपं बघून त्यांनी 'मोकळी जागा' असं लिहिलं. ते आरक्षण पक्कं झालं की घराला एक खोली वाढवायचीही परवानगी मिळत नाही. आणि हरकत घेणारा गैरहजर, तर हरकत निकालात.

बरं, सहीला एवढी भीती का? तर यांच्या मूळ गावी कालव्याच्या वेळी हजेरी म्हणून अंगठे घेतले होते. पुढं तेच कागद जमीन द्यायची संमती म्हणून बाहेर निघाले.

मी उठून समजवायला गेले. "सखुमावशी, ही नुसती हजेरी हाय. बघा, मी केली की सही."

"तुम्ही कराच बाई. तुमचं घर पिवळ्यात हाय!"

पिवळा म्हणजे राहण्याचा भाग. सगळा हॉल हसला. मी परत खुर्चीवर जाऊन बसले.

दुसरं नाव पुकारलं. "हजर!" असा आवाज आला. सही नाही, गैरहजर. तिसरा माणूस टेबलावर हात आपटून गैरहजर झाला. चौदाव्या नावाला साहेबांनी पेन ठेवलं.

"ताई, अर्जदारांची एकही सही नसलेलं हजेरीपत्रक पाठवलं तर वरून विचारतील, तुम्ही ऐकलं कुणाचं? मी काय भिंतीचं ऐकलं म्हणू?"

तेवढ्यात सखुबाईचे दीर गणपा ओरडले, "सही करणार न्हाई म्हंजे न्हाई! पायजे तर लेखी देतो!"

"द्या! द्या लेखी!" साहेबही तापले.

मी पटकन कोरा कागद ओढला आणि लिहिलं : 'मी आज सुनावणीस हजर असून हजेरीपत्रकावर सही करणार नाही.'

"वाचा बरं पुन्हा," सखुबाई म्हणाली. मी वाचलं. "बराबर. कुठं करू अंगठा?"

तिनं असा दाबून अंगठा केला की शाई मागच्या बाजूला उमटली. त्याच कागदावर अंगठा करायला मागं रांग लागली. नकार द्यायला माणसं एकमेकांना ढकलत होती. "ए, जल्दी कर ना, मला बी न्हाई म्हणायचंय!"

साहेबांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला. "'हजर असून' लिहिलंय ना? झालं. गैरहजर खोडतो."

मग चार तास एकेकाचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी आम्ही वस्तीवर जाऊन घरं मोजली. समितीनं ते आरक्षण उठवायची शिफारस केली. बगीचा पालिकेच्या पडक्या कोंडवाड्याच्या जागी सरकवला. मंजुरीला काही वर्षं लागली, पण सखुबाईचं घर पिवळं झालं आणि तिनं खोली वाढवली.

त्या दिवसाच्या इतिवृत्तात आमच्या क्लार्कनं लिहिलं होतं : 'उपस्थितांनी उपस्थितीची सही करण्यास सही करून नकार दिला.' ते वाक्य वरच्या ऑफिसातून विनाशेरा मंजूर होऊन आलं.

एवढ्या वर्षांत मी एवढंच शिकले. लोकांना बोलवायचं असेल तर कागदावर त्यांच्या 'न्हाई'ला आधी जागा सोडावी. 'हो' काय, साहेब लोक न विचारता गृहीत धरतातच.