मौल्यवान वस्तू घरी ठेवा!

किस्से गोळा करायला मला कधी कष्ट पडले नाहीत. माणसांना विमानात बसवलं की किस्से आपोआप जमतात. बॅगेचं वजन जास्त भरलं तर विमानवाले पैसे मागतात, किश्शांचं वजन कोणी करत नाही, म्हणून मी आजवर तरलो!

कारंजा लाडच्या बसस्टँडसमोर माझं सहलींचं छोटंसं ऑफिस आहे. त्याआधी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर बोट ठेवून पोरांना सगळं जग फिरवलं, पण स्वतः नागपूरच्या पुढे गेलो नव्हतो. निवृत्तीनंतर ती हौस भागवायला हा धंदा काढला. लोक अजूनही मला "सर" म्हणतात, पण ऐकत मात्र कोणी नाही. तेही शाळेसारखंच.

प्रत्येक सहलीआधी मी सूचनांची बैठक घेतो. चहा, चिवडा आणि प्रश्न. पासपोर्ट कुठे ठेवायचा, हे कोणी विचारत नाही. पहिला प्रश्न ठरलेला: "सर, तिकडं स्मार्टवॉच घालू काय? सोनं नेऊ काय?" माझं उत्तरही ठरलेलं होतं: "मौल्यवान वस्तू घरी ठेवा. घरासारखी सुरक्षित जागा नाही."

हे वाक्य मी वर्षानुवर्षं छाती काढून म्हणत आलो. गेल्या थायलंडच्या सहलीनंतर म्हणत नाही. हे सगळे किस्से त्या एकाच सहलीतले.

*

त्या बैठकीला पहिल्या रांगेत कस्तुराकाकी बसल्या होत्या. वय सत्तरच्या आसपास, गावात कापडाचं जुनं दुकान, मालक जाऊन दहा वर्षं झालेली. दोन्ही हातांत मिळून सोन्याच्या चार जाड पाटल्या. शेजारी मुलगा राजू. त्यानं सगळ्यांसमोर खिशातून नवंकोरं स्मार्टवॉच काढलं आणि आईच्या मनगटावर बांधलं. "आई, हे काढाचं नाही बरं. तू कुठं हाय, किती चालली, छातीचे ठोके किती, सारं मले माह्या मोबाइलवर दिसते!"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. एका बाईंनी तर डोळे पुसले.

मग राजू म्हणाला, "अन् त्या पाटल्या ठेवून जा. सर सांगून राह्यले ना!"

मीही लगेच त्याची री ओढली. काकी, परदेश आहे, गर्दी असते, कशाला जोखीम घेता? काकींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "घर राजूच्या नावावर हाय. दुकान राजूच्या नावावर हाय. माह्या नावावर ह्या चार पाटल्या हायेत, सर. मी जाइन तिथं ह्या येतीन."

"काकी, चोरी झाली तर?"

"तर मी पाहीन ना चोराले! माहीत तं पडन कोन हाय."

सगळे हसले. मीही हसलो. मनात म्हटलं, म्हातारीचा हट्ट, दुसरं काय!

*

नागपूरच्या विमानतळावर तपासणीत काकी अडकल्या. यंत्र कोकलायला लागलं. तिथल्या महिला शिपायानं सांगितलं, "माँजी, सगळं ट्रेमध्ये ठेवा."

काकींनी एकेक करून चारही पाटल्या काढल्या, ट्रेमध्ये ठेवल्या. यंत्र तरी कोकलतच होतं! शेवटी कमरेला खोचलेली कपाटाची किल्ली निघाली. ती काही काकी ट्रेमध्ये ठेवेनात. मुठीत धरून बसल्या. मागे रांग खोळंबली, माझ्या नावानं बोटं मोडायला लागली.

मी चिडलो. "काकी, एवढं सोनं ट्रेमध्ये टाकलं, आणि लोखंडाच्या किल्लीला काय होतंय?"

"सोनं डोयासमोर हाय, सर. कपाट डोयासमोर नाही."

"मग दुसरी किल्ली असेल ना घरी!"

"होती. मालक गेले त्या दिवशी घरात गर्दी होती, त्या गर्दीत हरपली. सारं घर शोधलं. कोनाले भेटली नाही."

शेवटी त्या शिपाईबाईंनीच किल्ली काकींच्या हातासकट तपासली आणि सोडून दिलं. मला म्हणाल्या, "लोग सोने के लिए झगडते हैं, ये चाबी के लिए झगड रही हैं!"

*

आमच्यात सुभाषशेठ म्हणून एक सराफ होते. माझं वाक्य त्यांनी निम्मंच ऐकलं. गळ्यात चेन आणि बोटात अंगठी घालून आले, आणि पटायाच्या हॉटेलात पोचल्यावर घाबरले. म्हणाले, "सर, तुमच्यापाशी ठेवा."

मी माझा कमरेचा पाउच पुढे केला. शेठनं बॅगेतून खिशात मावणारा वजनाचा काटा काढला! चेन ठेवली, आकडा पाहिला, मलाही दाखवला. अंगठी ठेवली, आकडा दाखवला.

मी म्हटलं, "शेठ, माझ्यावर विश्वास नाही काय?"

"विश्वास हाय म्हनून तं तुमच्यासमोर मोजून राह्यलो. नसता तं तुमच्या मांगं मोजलं असतं!"

ते पाहून इतर आठ-दहा जण आले. प्रत्येकानं काट्यावर मोजून वस्तू माझ्या हवाली केल्या. पूर्ण सहल मी तो पाउच पोटाशी धरून फिरलो. समुद्रात पाय बुडवला नाही. ज्या समुद्राची भरती-ओहोटी मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवली, तो मी काठावर उभा राहून पाहिला.

परत नागपूरला उतरल्यावर पुन्हा काटा निघाला. शेठची चेन तिळभर कमी भरली! त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काटा दुसरीकडे ठेवला, पुन्हा मोजलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा बरोबर भरली. "जमीन सपाट नव्हती," एवढंच म्हणाले. मला फार लागलं ते. चोर म्हणाले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

*

धान्याचे अडते नंदूशेठ यांच्या हातात गावातलं सगळ्यात महागडं स्मार्टवॉच. ते आणि त्यांच्या पत्नी मंगलाताई सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. नंदूशेठनी मला सहलीआधीच बजावलं होतं, "आमची काळजी करू नका. घड्याळात सूर्यास्ताचा टाइम दिसते!"

पण इंटरनेटचं बिल येईल म्हणून शेठनी घड्याळाचं आणि मोबाइलचं सगळं बंद करून टाकलेलं. घड्याळ बिचारं कारंज्याच्याच वेळेवर चालत होतं. थायलंड आपल्या दीड तास पुढे! संध्याकाळी हॉटेलात पानं वाढली, तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं.

मंगलाताई म्हणाल्या, "अहो, सूर्य बुडाला."

शेठनी मनगट पुढे केलं. "कुठं बुडाला? एक तास हाय अजून."

"खिडकीतून पाहा ना!"

"खिडकी कितीची हाय? घड्याळ पाहा!"

आणि शेठ पोटभर जेवले. मंगलाताई पाण्याचा घोटही न घेता खोलीत गेल्या. शेठनी हात धुताना विचारलं, "हिले काय झालं?" मी भूगोलाचा मास्तर, पण हे कोणत्या नकाशात दाखवू?

*

दुसऱ्या दिवशी सगळ्या ग्रुपनं हसून हसून शेठना बेजार केलं. चिडून त्यांनी घड्याळ काढलं आणि पासपोर्टांसकट खोलीतल्या तिजोरीत टाकलं. तिजोरीला चार आकडे ठरवावे लागतात. आदल्या दिवशीची कसर भरून काढायला शेठ पत्नीला म्हणाले, "तुह्या वाढदिवसाची तारीख टाकतो!" आणि पुस्तिकेत पाहून टाकली. कोणती पुस्तिका? पासपोर्ट. तो आत!

निघायच्या सकाळी तिजोरी उघडेना. शेठनी एक तारीख टाकली. चूक. दुसरी टाकली. चूक. तिसरी टाकल्यावर तिजोरी कुलूपबंदच झाली. बाहेर बस उभी, आत पासपोर्ट.

हॉटेलचा माणूस यंत्र घेऊन आला. कायद्यानं त्यालाही खात्री हवी. त्यानं मंगलाताईंना विचारलं, "मॅडम, युवर बर्थडे?"

मंगलाताई पलंगावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मराठीतच म्हणाल्या, "ज्यानं टाकला त्याले इचारा. मी एवढे वर्ष त्याच्याच तोंडून ऐकाची वाट पाहून राह्यली."

शेवटी माझ्याकडच्या पासपोर्टच्या नकलेत पाहून मीच तारीख सांगितली, तेव्हा तिजोरी उघडली. त्यानंतर घरी येईपर्यंत दोघांनी माझ्यामार्फतच बोलणं केलं.

*

मानोऱ्याचे बाबाराव. पंचायत समितीतून निवृत्त झालेले, एकटेच आलेले, साधे गृहस्थ. माझं वाक्य अक्षरशः पाळणारा सबंध सहलीतला हा एकमेव माणूस!

बँकॉकच्या बाजारात मी सगळ्यांना सोडलं आणि सांगितलं, बरोबर पाच वाजता बसपाशी या. पाच वाजले, साडेपाच वाजले, बाबारावांचा पत्ता नाही. लोक मला टोचून बोलायला लागले. सहाला बाबाराव घामाघूम होऊन आले.

"घड्याळ कुठंय तुमचं?" मी ओरडलोच.

"घरी. तुमीच सांगतलं."

"मोबाइल?"

"हॉटेलात. तोही महागाचाच हाय."

"अहो, मग कोणाला तरी वेळ विचारायची!"

"इचारली ना! एका गोऱ्या मानसाच्या घड्याळाकडं बोट दाखवलं, तं तो मनगट झाकून पयालाच!"

बसमध्ये हशा उसळला. बाबाराव खिडकीशी जाऊन बसले. थोड्या वेळानं मला हळूच म्हणाले, "सर, एवढी नोकरी केली, कोनाचा चहा फुकट पेलो नाही. आज मले कोनी चोर समजलं." पुढचे दोन दिवस ते काही पाहायला बसमधून खाली उतरले नाहीत.

*

आता राजूचे फोन. रोज सकाळी एक. "सर, आईचं घड्याळ बंद दिसते. पाहा ना जरा!"

पहिल्या दिवशी मला भरून आलं. माझा मुलगा पुण्यात असतो, तो माझ्या छातीचे ठोके विचारत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी काकींना गाठलं. त्या हॉटेलच्या अंगणात बाकावर बसून थेपला खात होत्या. पाटल्या हातात. घड्याळ नाही.

"काकी, पोरगा तिकडं जीव टाकतोय आणि तुम्ही घड्याळ काढून ठेवलं?"

"घरी हाय ते."

"घरी?"

"तुमीच सांगतलं ना, महागाच्या वस्तू घरी ठेवा. मंग बंद केलं, सोन्याच्या रिकाम्या डब्ब्यात ठेवलं, डब्बा कपाटात, कपाटाले कुलूप." कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "किल्ली इथं."

"मग राजूला तसं सांगू?"

"नका सांगू. एवढ्या हौसेनं आनलं त्यानं, त्याले वाईट वाटन. बिघडलं म्हना."

मी राजूला सांगितलं, बिघडलं. मुलाच्या प्रेमाची किंमत नाही म्हातारीला, असं मनाशी म्हणालो. तेही इथे कबूल करून टाकतो, कारण त्याची मला अजून लाज वाटते. चौथ्या दिवशी फोन आला नाही. पाचव्या दिवशीही नाही. मला वाटलं, पोरगा रुसला.

*

कारंज्याला आमची गाडी सकाळी आठला पोचली. प्रत्येकाच्या घरचं कोणी ना कोणी आलेलं. सबंध सहलीत कोणाचं काही चोरीला गेलं नव्हतं. मी खुशीत होतो. काकींचा हात धरून मी त्यांना गाडीतून उतरवलं. समोर राजू.

त्यानं पाया पडायला वाकता वाकता आधी आईच्या हातांकडे पाहिलं. चारही पाटल्या जागच्या जागी. मग उभा राहिला आणि एकदम भडकला.

"काय वं आई! एवढं महागाचं घड्याळ आनून देलं, अन् तू ते डब्ब्यात ठेवून गेली? मी येडा इकडं मोबाइल पाहून राह्यलो!"

काकींनी माझ्याकडे पाहिलं. "सर, तुमी सांगतलं काय याले?"

"नाही, काकी," मी म्हणालो. "मी फक्त बिघडलं म्हणून सांगितलं."

राजूनं बॅग उचलली होती, ती तशीच त्याच्या हातात राहिली. काकींनी कमरेला हात लावून पाहिला. मग माझ्याकडे वळून, पोराला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या,

"दुसरी किल्ली सापडली, सर."