जंतूंचा पडदा

सलाइनच्या नळीत थेंब पडताना मी पाहत बसले होते. सुमनच्या, माझ्या धाकट्या बहिणीच्या, रक्तात जंतू पसरले होते आणि नेहमीच्या कुठल्याच औषधाला ते दाद देत नव्हते. आता हे शेवटचं औषध.

"हे नक्की करतं काय?" मी डॉक्टर मॅडमना विचारलं.

त्या थकलेल्या होत्या, तरी खुर्ची ओढून बसल्या. "प्रत्येक जंतूभोवती एक पातळ पडदा असतो. हे औषध म्हणजे प्रथिनासारखा एक छोटा तुकडा. तो त्या पडद्याला चिकटतो आणि पडदा फाडतो. मग आतलं सगळं बाहेर गळतं, जंतू मरतो."

"आणि सुमनच्या पेशींचा पडदा?"

"तो वेगळा असतो. पण किडनीला इजा होऊ शकते. आमच्या हातात दुसरं काही उरलेलं नाही."

सुजून सुमनच्या हाताची कातडी ताणली होती, चकाकत होती. जगणं म्हणजे एवढंच का, आतलं आत आणि बाहेरचं बाहेर ठेवणारा एक नाजूक पडदा? जंतूंचाही तो जीवच. पण मला त्यांची कीव आली नाही. प्रत्येक थेंबाबरोबर मी त्यांचं मरण मागत होते.

"ताई, पाणी दे ना," सुमन म्हणाली. सुजेमुळे पाणी मोजूनच द्यायचं होतं. मी ओला कापूस तिच्या ओठांवरून फिरवला.

तिसऱ्या दिवशी किडन्या थांबल्या. डायलिसिस तिच्या हृदयाला झेपलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी सुमन गेली.

दुपारी रक्ताचा शेवटचा रिपोर्ट आला. मॅडमनी तो वाचला आणि त्या हळूच म्हणाल्या, "रक्तात आता जंतू नाहीत."