फाटतंय तिथं लोखंड

सकाळी आठला मी सांगलीतल्या माझ्या इंजिनिअर मित्राला, यासीनला, फोटो पाठवला होता. साताऱ्यात माझ्या एका कामावर स्लॅब पडायचा होता. भिंतीबाहेर झुकणाऱ्या गॅलरीचं लोखंड माल टाकण्याआधी एकमेकांना दाखवायचं, हा आमचा बारा वर्षांचा रिवाज. त्याचं उत्तर एका शब्दाचं असायचं, "वर." म्हणजे मुख्य सळया वरच्या बाजूला आहेत, पाहिलं, टाक आता. त्या दिवशी उत्तर आलं नाही. झोपला असेल लेकाचा, असं म्हणत मी काम सुरू करायला सांगितलं. साडेदहाला फोन आला तो त्याच्या वडिलांचा. "सुहास, यासीन गेला रं... पहाटे छातीत कळ आली. दुपारी जोहरच्या नमाजनंतर माती हाय." मिक्सर घरघरत होता. मी दोनदा "काय?" विचारलं, तिसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही.

लगेच निघालो असतो तर सांगलीला कसाबसा पोहोचलो असतो. पण गॅलरी अजून व्हायची होती, आणि मी पाठ फिरवली की माणसं घमेली घेऊन त्या सळयांच्या जाळीवर चढणार हे मला ठाऊक होतं. मी थांबलो. का थांबलो ते सांगायचं तर आमच्या कॉलेजातला एक दिवस सांगावा लागेल, आणि तो मी त्या दिवसापर्यंत कुणालाही सांगितलेला नव्हता.

यासीन मूळचा शिराळ्याकडचा, स्लॅबखाली फळ्या-टेकू ठोकणाऱ्या सेंट्रिंगवाल्याचा मुलगा. मी पाटणजवळच्या खेड्यातला, फौजीचा. सांगलीत इंजिनिअरिंगला आम्ही एका खोलीत राहायचो. स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये मी वर्गात पहिला, त्यामुळे मला शिंगं फुटलेली. बांधकामाच्या कोडमधली कलमं नंबरासकट पाठ! यासीनला नंबर कधी आठवले नाहीत. त्यानं माझ्याच खोडरबराच्या कडेवर निळ्या पेनानं उभ्या रेघा मारल्या होत्या. एक टोक मुठीत आवळून दुसरं खाली दाबलं की वर रेघा फाकायच्या, खाली एकमेकींना चिकटायच्या. "बघ, वर फाटतंय. फाटतंय तिथं लोखंड. तुझी चार पानं गणितं हितंच संपली गड्या." मी हसायचो. सेंट्रिंगवाल्याचं पोर ते, दुसरं काय सांगणार, असं मनात म्हणायचोही. आज लिहिताना लाज वाटते.

शेवटच्या वर्षी गावी माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, घर बांधायला काढलं. "घरात इंजिनेर असताना बाहेरचा कशाला?" म्हणाले. मी अजून पासही झालो नव्हतो, पण नाही म्हणायला जीभ रेटली नाही. ऐटीत पाच फुटांची गॅलरी काढून दिली. गणित बिनचूक होतं, सळया वरच दाखवल्या होत्या. राहिली ती खुर्ची. वरच्या सळया पायाखाली दबून खाली जाऊ नयेत म्हणून त्यांना सळईचेच वाकवलेले पाय देतात, त्याला खुर्ची म्हणतात. पुस्तकात ती गृहीत धरलेली असते. मीही धरली, नकाशात काढलीच नाही.

डिझाइनच्या तोंडी परीक्षेचा दिवस होता. सकाळी उठून मी यासीनला चुलतभावानं आदल्या दिवशी पाठवलेले स्लॅबच्या वेळचे फोटो कौतुकानं दाखवत होतो. तो एका फोटोवर थांबला. गॅलरीच्या जाळीवर सहा-सात माणसं उभी होती.

"खुर्च्या कुठं हायत?"

मी फोटो मोठा करून पाहिला, एकही दिसेना. फोटोखाली भावानं लिहिलं होतं, उद्या सकाळी सेंट्रिंग काढतोय, रविवारी वास्तुशांत. ते 'उद्या' म्हणजे आज. मी फोन लावत राहिलो. वस्तीवर रेंज नव्हतीच, भावानं फोटोही पाटणच्या बाजारातून पाठवले होते. लोखंड खाली गेलं असेल तर टेकू निघाल्यावर गॅलरी नुसत्या काँक्रीटवर लटकणार होती, आणि रविवारी पंगत बघायला घरातल्या बायका-पोरी तिथंच उभ्या राहणार होत्या.

"चल," यासीन गाडीची किल्ली घेत म्हणाला.

"अकराला तोंडी आहे... माझा नंबर पहिलाच आहे. ती झाली की लगेच निघू."

"तवर टेकू निघतील की रं."

मी शर्टाला इस्त्री करत होतो, ती करतच राहिलो. त्यानं टेबलावरचा खोडरबर खिशात टाकला आणि जिना उतरला. त्याची स्वतःची तोंडी त्याच दिवशी होती. घर माझ्या तात्यांचं होतं आणि चूक माझी होती. मी भ्यालो होतो, परीक्षेला नव्हे, तात्यांना तोंड दाखवायला.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, कँटिलिव्हरमध्ये, म्हणजे अशाच बाहेर झुकलेल्या गॅलरीत, मुख्य लोखंड कुठं? वर, सर. का? मी असं उत्तर दिलं की ते मान डोलवायला लागले. वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मला पडले, आणि यासीनच्या नावापुढं गैरहजर लागलं.

तिकडे काय झालं ते पुढे तात्यांनी सांगितलं. यासीन पोहोचला तेव्हा बाहेरच्या बाजूचे दोन टेकू निघाले होते आणि भिंतीलगत वर केसाएवढी भेग पडली होती. हा गॅलरीखाली शिरला आणि तिसऱ्या टेकूला मिठी मारून उभा राहिला.

"कोण रं तू? हो बाजूला!" तात्या ओरडले.

"आवं तात्या, आधी काढलेलं टेकू लावा, मग शिव्या द्या. सुहासनं धाडलंय मला."

मी धाडलं नव्हतं. टेकू परत लागेपर्यंत तो तिथून हलला नाही. मग त्यानं खिशातून खोडरबर काढून तात्यांना वाकवून दाखवला आणि भिंतीजवळ वरून छिन्नी मारायला लावली. चार बोटं खोल गेलं तरी सळई लागेना. गॅलरी टेकू ठेवूनच जपून फोडली, नव्यानं टाकली, वास्तुशांत पुढं गेली. पुढची कित्येक वर्षं तात्या चारचौघांत सांगायचे, आमच्या सुहासला तिथं बसून कळलं बघा! मी ऐकून घेत राहिलो.

यासीननं सहा महिन्यांनी पुन्हा तोंडी दिली. सांगलीत छोटं ऑफिस टाकलं, कडेगावपासून शिराळ्यापर्यंत कुणाचाही स्लॅब असो, हा आधी जाळीवर ओणवा होऊन खुर्च्या मोजणार. त्या दिवसाबद्दल त्यानं मला एकदाही टोचलं नाही. मी "माझा खोडरबर दे" म्हणायचो, तो "तोंडीला लागंल मला" म्हणायचा आणि हसायचा. माझी माफी त्या हसण्याआड राहून गेली. बारा वर्षं होती हातात... एक वाक्य जमलं नाही मला.

मी सांगलीला पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. माती होऊन गेली होती. त्याचे वडील, माझे चाचा, दारातल्या मांडवात बसले होते. सेंट्रिंग ठोकून ठोकून वाकडी झालेली त्यांची बोटं गुडघ्यावर पडलेली. मी त्यांच्यापुढं बसलो आणि सगळं सांगून टाकलं. फोन आला तेव्हा स्लॅब चालू होता, गॅलरी व्हायची होती, म्हणून उशीर झाला. मग तोंडीचं, तात्यांचं, इस्त्रीचंही. चाचांनी एवढंच विचारलं.

"आजची गॅलरी झाली का नीट? लोखंड वर ऱ्हायलं?"

"राहिलं, चाचा. जाळीवर कुणाला चढू दिलं नाही."

"मग बस. पाणी पी." मी पाणी प्यालो तसे म्हणाले, "इस्त्रीचं म्हाईत हाय मला. त्यानं तवाच सांगितलं हुतं. म्हणला, भ्यालंय ते, पर परत चुकणार न्हाई."

ते आत गेले आणि यासीनच्या टेबलाच्या खणातून खोडरबर घेऊन आले. आता तो माझ्या साताऱ्याच्या टेबलावर आहे. रेघा कितीदा तरी नव्यानं मारलेल्या आहेत. सेंट्रिंगवाल्यांना, सळया बांधणाऱ्या फिटरना, घरमालकांना दाखवून दाखवून वरच्या अंगाला बारीक चीर गेली आहे. आणखी एकदा दाबला तर दोन तुकडे होतील. मी तो अजून वाकवलेला नाही.