सिमेंटखालची विहीर

सकाळची देवपूजा आटोपली की अरुंधतीबाई विहिरीवर पाणी भरायला आलेल्या बायांना पेपर वाचून दाखवीत. प्रत्येक बातमीला आपलं मतही जोडीत. पुढाऱ्यांना त्या लावत असलेली विशेषणं ऐकून बाया हसत हसत घागरी भरत.

गॅस्ट्रोची साथ आली तेव्हा त्यांनीच पेपरात पत्र दिलं, की ही घाण विहीर बंद करा आणि वस्तीत नळ द्या. पत्र छापून आलं, आणि विहिरीवर सिमेंटची लादीही पडली. नळ मात्र आला नाही. बाया आता पार दूरच्या जरीपटका वस्तीतून पाणी वाहू लागल्या.

बाळंतिणीनं विहीर पुजून पहिली घागर भरायची रीत. आज शेजारची कांताबाई सुनेला घेऊन आली. सुनेनं लादीवरच हळदकुंकू वाहिलं.

"काकू, आता घागर कुठून भरावी हिनं? तुमच्या पेपरले विचारा जरा."

"माझ्या घरचं पाणी घे वं."

"विहिरीचं पाह्यजे, काकू."

सून रिकामी घागर कडेवर घेऊन परतली. अरुंधतीबाईंच्या हातातला पेपर घडी घातलेलाच राहिला. ऐकायला तिथं कुणी नव्हतं.