आठही आरे

"दोन, सहा, तीन, आठ," असं पुटपुटत बाई आकडे टाइप करायच्या आणि मग अल्ट नि एक्स ही दोन बटणं एकदम दाबायच्या. पडद्यावरचे आकडे गडप, त्या जागी धम्मचक्र! मग पेनाचं टोक पडद्याला लावून एकेक आरा मोजायच्या. "आठही हायेत, भाऊ." हे झाल्याशिवाय बौद्ध घरची लग्नपत्रिका पुढे सरकायची नाही.

मूल गावातल्या आमच्या छापखान्यात त्या बारा वर्षं ऑपरेटर होत्या. छापखाना आधी वडिलांचा, नंतर माझा. मान मात्र बाईंचा. तुम्ही कधी आमच्याकडे पत्रिका छापली असेल, तर काउंटरमागचा तो जाड चष्मा तुम्हाला आठवेलच. कीबोर्डवर चक्राचं बटण नसतं. पण संगणकात प्रत्येक अक्षराला, चिन्हाला एक नंबर दिलेला असतो, हे बाईंनी कुठून तरी शोधून काढलं होतं. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही.

मी चिडवायचो, "बाई, संगणक काय आरे खातो? रोज काऊन मोजता?"

"खाते ना, भाऊ. वेळ आली का अख्खं चक्र खाते."

आणि खाल्लंच की! राइस मिलमधल्या एका हमालाच्या पोरीची पत्रिका होती. बाई रजेवर, म्हणून घाईत मीच फाइल छपाईची प्लेट बनवायला चंद्रपूरला पाठवली. तिथल्या संगणकात चक्राचा फाँट नव्हता. दोनशे पत्रिका छापून झाल्या आणि माथ्यावर चक्राच्या जागी रुपयाएवढा रिकामा चौकोन! बाई असत्या तर त्यांनी आधी 'कर्व्ह' केलं असतं, म्हणजे चिन्हाचं चित्र करून टाकलं असतं. मग फाँट असो की नसो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कामावर आल्या. हमाल संध्याकाळी येणार होता आणि नवीन प्लेटला दोन दिवस लागणार होते. मी म्हणालो, "जाऊ द्या बाई, एवढासा चौकोन. कोण पाहते?"

बाईंनी चष्मा काढला. "मी पाहून राह्यली ना. माह्या लग्नाच्या पत्रिकेवर फूल होतं, भाऊ. बापानं चक्र मांगतलं, तर छापखानेवाले म्हणे, तसा ठसा नाई, फूल टाकून देतो. बापानं तशाच घेतल्या. घरी येऊन पत्रिका उपड्या ठेवल्या त्यानं."

"कोणता छापखाना?"

"हाच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत या बाईने एका शब्दाने ऐकवलं नव्हतं.

त्यांनी कंपास मागवला. चौकोनात गोल, गोलात आठ आरे, दोनशे पत्रिकांवर, आणि एकही वाकडा नाही. मी नुसता पत्रिका सरकवत होतो. संध्याकाळी हमाल आला, बोट फिरवून बघितलं नि म्हणाला, "हातानं काढलं? असं तर कोणाच्याच पत्रिकेवर नाई!" छाती फुगवून गेला गडी. खरं सांगतो, माझ्या छापखान्यातून याहून चांगलं काम कधी बाहेर पडलं नाही.

गेल्या वर्षी बाई लेकीकडे गडचांदूरला गेल्या. परवा वडिलांच्या जुन्या नमुन्यांत त्यांच्या लग्नाची पत्रिका सापडली. फूल होतंच. मी संगणकावर बसलो, एका बोटाने मजकूर जसाच्या तसा उतरवला. फुलाच्या जागी दोन, सहा, तीन, आठ. आठवणीने कर्व्ह केलं आणि एक प्रत पाकिटात घालून पाठवली.

चार दिवसांनी फोन आला. बाई बोलेचनात. मी आपला "हॅलो, हॅलो" करतोय. मग पलीकडून कागदावर पेन टेकल्याची टकटक ऐकू आली आणि मीही मोजू लागलो.

"आठही हायेत, भाऊ."