गेझाकाकांची शेवटची वाटी

आमच्या क्रेम्नित्सा गावात गेझा हुदाकइतका अस्वस्थ माणूस दुसरा नसेल. आयुष्यभर बस चालवली. थांब्यावर बस उभी असली तरी यांचा पाय हलत असायचा. निवृत्तीनंतर अशा माणसानं छंद कसला धरावा, तर मेलेल्या फांद्यांवर उगवणाऱ्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या, वाटीसारख्या अळंब्यांचा. त्या सावकाश पिकतात. आणि सावकाश हा शब्द काकांना कुणी शिकवलेलाच नाही.

या आठवड्यात त्यांना ॲशच्या झाडाच्या वाळक्या काडीवर सात राखी वाट्या सापडल्या. लगेच अळंबी मंडळात जाहीर केलं, ही दुर्मीळ जात आहे, हिच्या बीजाणूत मधोमध पडदा असतो. मंडळातले आलोइझ म्हणाले, "गेझा, ही साधीच. बीजाणूत तेलाचे दोन थेंब दिसतील, पडदाबिडदा काही नाही." झालं, शनिवारच्या बैठकीत निकाल लावायचं ठरलं.

हा निकाल सूक्ष्मदर्शकाखालीच लागतो, तोही बीजाणू जिवंत असेपर्यंत. मेला की थेंब एकमेकांत मिसळतात. मग ज्याला जे म्हणायचं ते म्हणावं. काकांनी घाईघाईत दोन वाट्या थेट आयोडीनमध्ये बुडवून मारल्या. चार कच्च्याच कापल्या. आत बीजाणूच नव्हते. उरली एक, ती डबीत ठेवली. घडीघडी डबी उघडून ते तिच्यावर वाकायला लागले, तेव्हा एटेलाकाकू डबी घेऊन माझ्या दारात आल्या.

"मार्गिता, ही तुझ्या तळघरात ठेव, कोबीच्या पिंपामागे. वर काच ठेवलीय. पिकली की आपणहून बीजाणू उडवेल काचेवर. फक्त गेझाच्या हाती देऊ नकोस."

दुसऱ्याच दिवशी काका हजर. "कोबी कसा आंबलाय, जरा बघू का?"

"गेल्या वर्षी माझ्या कोबीला नाक मुरडलं होतंत, काका."

"माणूस बदलतो."

"सकाळपासून तिसऱ्यांदा बदलताय."

शुक्रवारी दुपारी काचेवर पांढुरकी धूळ दिसली. मी ती काच वर काकांकडे नेली. काकांनी पाण्याचा थेंब सोडून काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि डोळा लावला.

"पडदा?" मी विचारलं.

"दोन थेंब."

"नीट बघा."

"नीटच बघतोय, बाई. सगळ्यांत दोन-दोन."

माझ्या जिभेला हाड नाही. म्हटलं, "मग ठेवा खिडकीत. उद्यापर्यंत सुकून मरतील. आलोइझ काय कपाळ सिद्ध करणार?"

काका उठले. खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. काचेच्या कडेनं पाणी आटत चाललं होतं. ते बघून त्यांनी फोन उचलला.

"आलोइझ, आत्ता ये. उद्या नाही, आत्ता. जेवतोयस? मग ताट घेऊन ये. अरे, तुझंच खरं निघालं, पण जिवंत आहेत तोवर बघ ना."

तोवर ते काचेच्या कडेला थेंबाथेंबानं पाणी सोडत राहिले, आणि मध्येच मला जिन्यात डोकावायला पिटाळलं. आलोइझ आले ते गळ्यातला जेवणाचा रुमाल तसाच ठेवून. बसले, बराच वेळ बघितलं.

"दोन," ते म्हणाले.

"माहीत आहे," काका म्हणाले. "आता सरक, मला परत बघू दे."